शेरा

रकाने चार: जिवंत, मृत, गायब, शेरा.
कार्तिक सरत आलाय, गवत कमरेला लागतंय
आणि मी खारघरच्या डोंगरावर
खड्डा क्रमांक एकशे सत्त्याऐंशीपाशी उकिडवी.

पुढं बुधी आगिवले, कोयत्यानं वाट काढत.
आडनावातच आग घेऊन आले, म्हणते,
आणि मिश्रीनं काळे झालेले दात दाखवून हसते.
फाल्गुनात तीन रात्री डोंगर जळला
तेव्हा ही ओल्या फांदीनं वणव्याला झोडपत होती.
खाली सेक्टर पस्तिसातल्या बाल्कन्यांतून लोक म्हणत होते,
काय सुंदर दिसतंय, डोंगराला माळ घातल्यासारखं.
मलाही तसंच दिसलं होतं.
मी तिथंच राहते, भाड्यानं, सातव्या मजल्यावर,
आणि वर्दी चढवायच्या आधी
दोन मिनिटं मीही नुसती बघत उभी होते.

मग अंदाजपत्रक आलं, हेक्टरी अकराशे रोपं,
खड्डा दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल.
दोन बस भरून एका बँकेची माणसं आली, पिवळ्या टी-शर्टांत.
मनापासून राबली. रोपांना आपल्या मुलांची नावं दिली.
घाईत काही पिशव्या काढायच्या राहिल्या.
एकशे सत्त्याऐंशीत तेच निघतं:
बहाव्याची मुळी, काळ्या प्लास्टिकमध्ये
स्वतःभोवतीच फिरत फिरत थांबलेली.
मी लिहिते, मृत.
बुधी पिशवी सोलून कमरेला खोचते. सतरावी.

"म्याडम, हिकडं बघा."
खड्ड्याकडं तिचं लक्षच नाही.
दोन हात पलीकडं ऐनाचं खोड, पार कोळसा.
हात लावते तर बोटं काळी.
पण बुडाशी, भेगाळलेल्या सालीतून,
सात फुटवे, लालसर, पोरासोरांएवढे उंच.
"ह्याला कुनी लावला नाय. ह्यो मेलाच नव्हता.
तुमच्या खड्ड्यानं ह्याचंच मूळ तोडलंय."

खरं होतं. खड्ड्याच्या कडेला
मनगटाएवढं मूळ, टिकावाचा घाव अजून ताजा वाटावा असा.

मग मी मोजत सुटते.
कुसुम, पळस, पुन्हा ऐन, एक हेद, नाव न येणारं एक काहीतरी
(बुधीला येतं, पण तिचं नाव यादीत नाही).
लावलेली शंभरातली एकेचाळीस जगलीत.
आणि ही, कुणाच्या हिशेबात नसलेली.
बुधी जुन्या लुगड्याचा काठ फाडते,
एकेकाला चिंधी बांधत जाते,
पुढच्या साली टिकाव लांबून जावा म्हणून.
काठ संपतो. ती पदराकडं बघते, मी माझा रुमाल देते.

संध्याकाळी शेऱ्यात लिहिते:
आपोआप, एकशे बारा.

सोमवारी साहेब चष्मा कपाळावर सरकवतात.
"आपोआप म्हणजे कोणत्या योजनेतून?"
मला उत्तर येत नाही.
ते पेनाचं टोपण काढतात, लावतात, पुन्हा काढतात.
ऐन त्यांनाही कळतो, त्यांची नोकरीच जंगलात गेली.
"रकाना नाही ना हो त्याला," म्हणतात.
आणि खोडत नाहीत.

आता गवत वाळेल. जाळरेषा काढायची आहे अजून.
बुधी रोज चार चिंध्यांभोवतीची जमीन खरवडून येते,
हजेरीपटावर ते कुठंच बसत नाही.
रात्री मी बाल्कनीत जाऊन बघते.
डोंगर दिसत नाही.
चांगलं आहे.