नाव बांधलेलं नाही

रात्रीचे पावणेबारा. विश्रामबागेत
खालच्या चहावाल्यानं शटर ओढलं तेव्हा
स्क्रीनवर तीच ओळ होती, सहाव्यांदा:
नाव सापडलं नाही. या जागी ते बांधलेलं नाही.

बांधलेलं म्हणजे? सुतळीनं पोत्याचं तोंड बांधतात तसं?
सन्मती मगदूम म्हणाला, तसंच समजा मॅडम,
आणि भडंगाच्या पुडीतला शेवटचा शेंगदाणा उचलला.

उद्या दहाला मार्केट यार्डात हळदीचे सौदे.
आवक चालते. तोलाई चालते.
दोघींना डेटाबेस ओळखतो, हाक मारली की दार उघडतो.
नवं जोडलेलं पावतीचं मॉड्यूल तेवढं
उंबऱ्यावर उभं राहून ओरडतंय
आणि आतून कुणी ओ देत नाही.

डेटाबेस जिवंत आहे, पिंगला उत्तर देतो.
पासवर्ड मी तीनदा हातानं टाकला.
पूलमध्ये वीस कनेक्शनं रिकामी बसलीत,
गाडी लागायची वाट बघणाऱ्या हमालांसारखी.
पोर्ट बघितला. जार बदलला. सर्व्हर पाडून उठवला.
नावातलं कॅपिटल अक्षर स्मॉल केलं, परत कॅपिटल केलं,
आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मान वळवली.

सन्मती म्हणाला, पण नाव तर आहे की,
सर्व्हरच्या यादीत, हे बघा, चौथ्या ओळीत.
आहे.
असून सापडत नाही.

आणि मला आमचा बुधगावचा फोन आठवला.
काळा, तबकडीचा, क्रोशाच्या रुमालाखाली.
एका दुपारी वाजला, आत्यानं उचलला.
पलीकडं साताऱ्याची कुणी बाई: शकू आहे का? शकुंतला?
या नावाचं इथं कुणी नाही, आत्या म्हणाली
आणि ठेवला.
शकुंतला मागच्या खोलीत पापड वाळत घालत होती.
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं त्या दिवसापासून
या घरात तिला वैजयंता म्हणत.
आत्या खोटं बोलली नव्हती.
तिच्या यादीत ते नाव नव्हतं, इतकंच.

आईला हे आठ दिवसांनी मैत्रिणीच्या कार्डावरून कळलं.
ती कुणाला काही बोलली नाही.
फोनशेजारच्या भिंतीवर, डॉक्टर आणि गिरणीच्या नंबरांखाली,
शिसपेन्सिलीनं लिहून ठेवलं:
शकू म्हणजे मीच.
पुढच्या वेळी आत्यानं फोन उचलला, भिंतीकडं बघितलं,
म्हणाली, थांबा हं. बोलावते.

सन्मती, ती यादी बंद कर.
बाहेर नाव आहे हे मला कळलं.
पावतीच्या घरात ते कुणी सांगितलंय का?

प्रत्येक मॉड्यूलची खोली वेगळी,
ते आधी आपल्याच भिंतीवर बघतं.
आवकच्या भिंतीवर होतं. तोलाईच्या होतं,
दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं.
पावतीची फाईल उघडली. कोरी.
तीही माझ्याच हातची, शनिवारी घाईत केलेली.

चार ओळी लागल्या.
आत ज्याला हे म्हणायचं, बाहेर त्याचं नाव ते.

बारा चाळीसला सर्व्हर चढला.
चाचणी पावती: लॉट एक, राजापुरी, एकवीस पोती.
सन्मती काही ओरडला नाही, पुडी चुरगाळून
टोपलीत टाकली. नेम चुकला.

चार ओळींच्या वर मी एक टीप लिहिली, मराठीत.
त्यानं वाकून वाचली. शकू कोण, मॅडम?
ग्राहकाला फाईल द्यायचीय, सकाळी काढू हे.

बघू, मी म्हटलं.
बुधगावची ती भिंत पुढं ऑइलपेंटनं रंगवली.
रंगारी कुणी बोलावला होता, ते मला आठवत नाही.