सहावा रकाना

इतवारीत, मस्कासाथच्या बोळीत आमचं दुकान.
रजिस्टरला सहा रकाने:
तारीख, नाव, पत्ता, माल, वजन, उपयोग.
पाच रकाने गिऱ्हाईक भडाभडा सांगतं,
सहाव्याला अडतं,
जसा मी त्याचा पगार विचारला.

"कायले पायजे?"
"लिहा न ताई काहीबी."
काहीबी मी लिहीत नाही.
अकरा वर्षं झाली या स्टुलावर.

सराफ्यातले सोनकुसरे नायट्रिक नेतात.
खऱ्या सोन्याला तेजाब शिवत नाही,
खोट्यावर हिरवा फेस येतो,
अन् मग, ते म्हणतात, कसोटीकडे कोणी पाहत नाही,
समोर बसलेल्या बापाकडे पाहावं लागतं.
मी लिहिते: परीक्षा.

कल्हईवाला एकच उरलाय, त्याला पावशेर नवसागर.
बोरिक पावडर कॅरमच्या पोट्ट्यांना.
"व्यायामशाळा लिहा," म्हणतात अन् हसत सुटतात.
कळमन्याच्या खोकेवाल्याला पाणकाच,
संत्र्याच्या पेट्यांचे पुठ्ठे चिकटवायला.
आणि संत्र्यांच्या याच शहरात
लिंबूसत येतं बाहेरून, पंचवीस किलोच्या पोत्यांतून,
गोळ्यांच्या कारखान्यासाठी.
त्यांना आंबट हवं असतं.
फळ सोलत कोण बसणार?

शेठ म्हणतात, माल चांगला-वाईट नसतो,
झाकण घट्ट असतं किंवा नसतं.

मे महिन्यात सगळी इतवारी कूलरपुढे बसते.
आमच्या कूलरचं तोंड रस्त्याकडे.
आत हायड्रोचे डबे आहेत,
त्यांना ओल लागली की ते तापतात, पेटतात.
पाण्यानं पेटणारी वस्तू
मला आधी शाळेत कोणी सांगितली नव्हती,
घरी सांगितली होती.

बाबा रंगारी. पाचपावलीत, कोष्ट्यांच्या सुताला रंग द्यायचे.
हायड्रो आणि कॉस्टिकच्या हौदातून
लड निघायची ती हिरवट-पिवळी, आजारी दिसणारी.
बाबा ती वर धरून झटकायचे,
आणि वारा लागला की
बघता बघता निळी.
मला वाटायचं, निळा रंग हवेत असतो,
बाबा फक्त सूत उचलून धरतात.
हौदात असतो तो, हे कळलं त्या दिवशी
मी त्यांच्यावर उगाच रुसले होते.

परवा, भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून
ते दुकानात आले. घरून पायी.
"शंभर ग्राम हायड्रो दे."
हौद बुजवून सोळा वर्षं झाली.
त्यावर आता कोणाचा तरी मोबाइल रिपेअरचा ठेला आहे.
"कायले पायजे?" मी विचारलं,
सगळ्यांना विचारते तसंच.

ते इकडेतिकडे बघत राहिले.
मग हळूच, शेठला ऐकू जाणार नाही असं,
"वास घेऊन पाहाचा आहे.
तुह्या मायनं काल वांगं जाळलं, मले समजलंच नाही."

मी डबा उघडला.
विझलेल्या शंभर काड्यांचा वास
दारापर्यंत गेला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं,
बाहेरचा हमाल खोकला.
बाबांनी नाक जवळ नेलं, मी हात आडवा धरला,
ते तसेच वाकून उभे राहिले,
देवळात तीर्थ संपल्यावर माणूस ओंजळ करून उभा राहतो तसे.

"जुना माल आहे," ते म्हणाले.
"जोर नाही याले."
"हो," मी म्हटलं, "जुनाच आहे."

झाकण दाबून बसवलं. दोनदा.
त्यांना मठातलं पाणी दिलं, रिक्षात बसवलं.

मग रजिस्टर ओढलं.
तारीख. नाव. पत्ता, तो माझाच.
माल, हायड्रो. वजन, काही नाही.
सहाव्या रकान्यात पेन टेकवलं,
तेवढ्यात कोणी तरी काउंटर वाजवला:
ब्लिचिंग, दोन किलो,
विहिरीसाठी.