केस पेपर

बायपासवर आता काचेची तीन इस्पितळं झालीत.
सर्वांत मोठं जुन्या राईस मिलच्या जागेवर.
तिथं लिफ्टसमोर उभं राहिलं
की अजून कोंड्याचा वास येतो,
निदान मला तरी.

मी ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीत
सव्वीस वर्षं काढली.
खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं वीतभर भोक,
पलीकडून नुसते हात यायचे.
रोवणीच्या चिखलानं नखं काळी पडलेले,
तेंदूच्या पुड्यांनी बोटं चिरलेले,
एखादा हात हळदीचा,
आणि मुठीत पाच रुपये, इतके ओले
की वाळवून गल्ल्यात टाकावे लागत.

नाव? वय? तक्रार?
वयाला कुणाकडे आकडा नसायचा.
"तलाव फुटला ना बाबू, त्या साली मी रांगत होतो."
"मोठ्या पोराच्या लग्नात पहिला दात पडला, धर तितकी."
मी धरायचो. पन्नास. साठ.
तालुक्यातल्या किती माणसांची वयं
माझ्या मनानं ठरलीत, देव जाणे.

तक्रार त्याहून अवघड.
फागनीबाई कुमरे दर महिन्याला नातवाला घेऊन यायची.
रैनू. सिकलसेलचा. डोळे पिवळे.
"काय होते त्याले?"
"हाडात पानी पडते म्हनते, बाबू. रातभर."
मी लिहिलं : सांधेदुखी.
तिला वाचता येत नव्हतं,
पण कागदावरची शाई बघून म्हणाली,
"इतकंच?"

एका रात्री रैनूला नागपूरला रेफर केलं.
रेफर हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना येतो,
सही न येणाऱ्यालाही.
गाडी यायला दोन तास लागले.
चढताना फागनीबाईनं चपला खिडकीखाली काढून ठेवल्या,
दवाखान्याच्या गाडीत चपला चालत नाहीत
असं वाटलं असेल तिला.
आठ दिवस मी त्या तिथंच राहू दिल्या.
मग झाडूवालीनं कपाटात ठेवल्या,
मग कपाटच बदललं.

परत आली असतील दोघं.
दुसऱ्या दवाखान्यात जात असतील, आता काय कमी आहेत.
मी विचारलं नाही.
विचारता आलं असतं, रजिस्टरात गावाचं नाव होतं,
सायकलनं चाळीस मिनिटं.

मग संगणक आला.
तक्रारीच्या रकान्यात आता यादी उघडते, त्यातलं निवडायचं.
'जीव कसनुसा लागते' त्यात नाही.
हाडातलं पाणी नाही.
'इतर' आहे.
अर्धा तालुका 'इतर'मध्ये टाकून
मी रिटायर झालो.

परवा आठवडी बाजारात फुटाणे घेतले.
पुडी सोडली तर आतून माझंच अक्षर.
अर्धा शिक्का, नावावर तेलाचा डाग.
वय साठ. सांधेदुखी.
कुणाचा कोण जाणे. साठ तर मी सगळ्यांनाच लिहीत होतो.

फुटाणे खाल्ले. जरा खारट होते.
कागद उलटा केला :
मागं डॉक्टरांच्या गोळ्या,
आणि कोपऱ्यात, पेन चालतो की नाही
बघायला मी ओढलेल्या
चार-पाच रेघा,
तिरप्या,
वरून खाली.