बायि

निपाणीत गालात पांढरं दिसलं
की आधी तंबाखूचं नाव येतं.
मी विड्या वळते, म्हणून जास्तच.
मास्तरांनी कृष्णातचं दप्तर उलटं केलं:
कंपास, दोन चिंचोके. पुडी नाही.

बेळगावात डॉक्टर म्हणाल्या,
"बायि तेगी."
कन्नडात बायि म्हणजे तोंड.
मला वाटलं, बाई, मलाच.
दोघांनीही आ केला.

बॅटरी त्याच्या गालातून माझ्या गालात आली
आणि थांबली.
तीच ओली घडी, सायीसारखी सुरकुतलेली,
जी मी लग्नात हसतानाही पदराआड ठेवली.

दुखतं? नाही. वाढतं? नाही.
कागदावर लांबलचक नाव,
खाली: औषध नको.

परतीच्या बसमध्ये तो जिभेनं गाल चाचपतो,
मग विचारतो,
आई, आज्जीचं तोंड
कुणी उघडून बघितलं होतं?