चौदा नंबरची चौकट

गुरुवारी किल्ली माझ्याकडे असते.
म्हणजे शेवटचा दिवा मी मालवायचा
आणि त्याआधी इतरांनी जे जे विसरलं, ते धुवायचं.
असं कुठे लिहिलेलं नाही. मोरीवर लिहिलंय ते एवढंच :
चौकट जशी मिळाली तशी परत ठेवा.
खाली तिमोनने पेन्सिलीने जोडलंय :
त्याहून बरी ठेवलीत तरी कुणी रागावणार नाही.

आज चौघं होती.
लुद्मिवाने चाळीस पिशव्यांवर लाल मुळे छापले.
आधी पाला, मग मुळा.
मुळा दोन मिलिमीटर सरकला तर म्हणाली,
असू दे, शेतात तरी कुठे रेषेत उगवतो.
दोन विद्यार्थी भाडेवाढीची पोस्टरं काढत होते;
एकाने चौकट दाबून धरायची, दुसऱ्याने रबरी पट्टी ओढायची,
सर्र, आणि उचल,
सर्र, आणि उचल.
साडेआठला सगळी गेली, ट्राम गाठायला.
टेबलावर दह्याच्या डब्यांत उरलेली शाई,
झाकणं भलत्याच डब्यांवर.

आणि चौदा नंबरची चौकट,
भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखी.
जाळीत काळी शाई वाळून दगड.
मी वही उघडली : १४, ओल्गेर्ड, मंगळवार.
‘धुतली का?’ या रकान्यात काही नाही.

मी मनातल्या मनात बोलायला सुरुवात केली.
म्हटलं, काका, सत्तरी ओलांडलीत,
पोरांना धडे तुम्ही देता,
एक जाळी केवढ्याला येते ठाऊक आहे ना.
बोलत बोलत द्रव ओतला. दहा मिनिटं मुरू द्यायचा.
दहा मिनिटांत सुऱ्या पुसल्या, चिकटपट्ट्या सोलल्या,
डब्यांना ज्याची त्याची झाकणं दिली.

मग स्पंज. मग पुन्हा स्पंज.
शाई सुटली तशी चौकट दिव्यासमोर धरली
आणि अक्षरं वाचता आली :

पियानो फुकट.
तिसरा मजला. लिफ्ट नाही.
न्यायचा असेल त्याने आधी वाजवून दाखवायचा.

ओल्गेर्ड पियानोबद्दल कधी बोललेला नाही.
तो बोलतो बिजागऱ्यांबद्दल, आणि हल्लीच्या पावाबद्दल.

वाळवणीच्या फळ्यांवर सगळ्यात खाली कागद होते.
मोजले. तीस.
वहीत कागद किती घेतले तेही लिहावं लागतं :
तीस.
एकही जिन्यात लागला नव्हता,
एकही कचऱ्यात नव्हता.

मग मी बोलायची थांबले.

नियम नियम आहे, चौकट शनिवारी दुसऱ्याची.
पाण्याचा जोराचा फवारा लावला.
आधी ‘फुकट’ गेलं,
मग ‘लिफ्ट नाही’,
पियानो बराच वेळ टिकून राहिला.

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या म्हणाल तर रस्त्यांखाली गाडलेल्या.
या इमारतीत सूत रंगवायचे तेव्हा
नदी त्या दिवशीच्या मागणीप्रमाणे वाहायची,
कधी निळी, कधी विटकरी.
आता मोरीला गाळणी आहे.
गाळ बादलीत जातो, बादलीवर तारीख घालतो,
खाली जातं ते जवळजवळ पाणीच.

जाळी पूर्ण गोरी होत नाही.
उजेडात धरली तर एक फिकट डाग दिसतो,
‘वाजवून दाखवायचा’ एवढा.
त्याने काही बिघडत नाही. शाई त्यातून आरपार जाते,
शनिवारी जो कुणी येईल त्याचे मुळे मुळ्यांसारखेच येतील.

तीस कागद वर्तमानपत्रात गुंडाळून
ओल्गेर्डच्या खणात ठेवले, छापील बाजू आत.
वहीत त्याच्या ओळीत
‘धुतली का?’ खाली लिहिलं : हो.
कुणी, ते विचारायला रकाना नाही.

दिवा मालवला.
किल्ली फिरवताना आठवलं,
लहानपणी दोन वर्षं शिकले होते मी,
डावा हात कधी जमला नाही.