कडं

हुपरीची राजमती, वय एकोणीस.
पैंजणाच्या घुंगराला डाख देणारा हात
चैत्रापासून थरथरतोय.
केसपेपरावर तीन दवाखाने:
कावीळ. मग 'मानसिक'. मग नुसतं प्रश्नचिन्ह.
मधे कुणीतरी लिंबू उतरवलेलं, त्याची नोंद नाही.

सीपीआरच्या वॉर्डात लाइट गेली
म्हणून मी बॅटरी तिरकी धरली डोळ्यावर.
बुबुळाच्या काठाला तपकिरी-सोनेरी कडं.
पाहिलं होतं एकदा, परीक्षेपुरतं, पुस्तकात.
सरांना उठवलं. शिव्या खाल्ल्या.
सकाळी डोळ्यांच्या यंत्राशी सरच गप्प.

"अंगात तांबं साठतंय," बाळगोंडांना सांगितलं.
"डाक्टर, तांब्याबिगर चांदी कडक हुईत न्हाई,
पर परमाण चुकलं की माल वाया.
काढायचं कसं? आमी भट्टी लावतो."

इथे गोळी. रिकाम्या पोटी, जन्मभर.
तांब्याची घागर बंद, शेंगदाणे बंद.
"चटणी बी?"
राजमतीचा पहिला प्रश्न, जड जिभेनं.

कॉटखाली चोवीस तासांच्या लघवीचा कॅन.
थेंब सांडू नये म्हणून बाप रात्रभर जवळ,
तराजूपुढं बसल्यासारखा.

दुपारी धाकटी डबा घेऊन आली.
"इकडं ये गं," मी म्हटलं,
"जरा उजेडाकडं बघ."