रुमाल टाकलेली जागा

बेळगावच्या डॉक्टर बाळेकुंद्रींनी चिठ्ठी लिहिली
आणि म्हणाले, यात तंबाखू नाही, निकोटीन नाही.
मला हसू आलं.
निपाणीच्या माणसाला
बिनतंबाखूचं काही देणारा हा पहिलाच.

आमच्याकडं वाऱ्यालासुद्धा ठसका असतो.
एकतीस वर्षं वखारीत काट्याशी उभा आहे मी.
बोदं चढवतो, वजन पुकारतो,
शिंक आली की लिहिणारा थांबतो,
मग पुढचं बोद.
आणि दिवसाला दीड कट्टा विडी,
ती कुणी मोजली नाही.

डॉक्टरांनी टेबलावर बोटानं चौकोन काढला.
मेंदूत एक जागा असते,
धूर येतो आणि तिथं बसतो.
ही गोळी आधी जाऊन बसेल.
एवढं मला कळलं.
संकेश्वरची बस फलाटाला लागायच्या आत
खिडकीतून रुमाल टाकतो आपण, तसं.
रुमालाला काय वजन?
पण तो उचलायची कुणाची छाती होत नाही.

औषधाच्या दुकानातली पोरगी म्हणाली, ऊटा आद मेले.
मी मान हलवली.
तरी तिनं पट्टीवर पेनानं खूण केली
आणि पुन्हा सांगितलं, जेवल्यावर, काका.
घरी येईतो मी दोन्ही विसरलो.
दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी घेतली
आणि काट्यामागं जाऊन भडभडून ओकलो.
मुजावर म्हणाला, चौगुले, कितवा महिना?
सगळी वखार हसली.
मीही हसलो, तोंड पुसत.

पहिला आठवडा विडी चालू होती, तशीच सांगितलेली.
आठव्या दिवशी काडेपेटी अक्काताईकडं दिली.
तिनं ती देवापुढं ठेवली, निरांजनाला लागते म्हणून.

स्वप्नं पडतील, डॉक्टर म्हणाले होते,
मन फारच काळवंडलं तर लगेच फोन करा.
तसं काही झालं नाही. आई आली.
मांडीवर सूप, भिजवलेली पानं, कात्री.
पान कापते, गुंडाळते, तोंड मुडपते,
गुलाबी दोऱ्याचे दोन वेढे,
आणि आत तंबाखूच नाही.
म्हटलं, आई, मोकळ्या वळतेयस.
वर न बघता म्हणाली,
हजार भरायच्यात रे.
मोजणारा बाहेरनंच मोजतो.

उठलो तेव्हा तीन वाजले होते.
अंगणात उभा राहिलो.
हाताची दोन बोटं
उगाच एकमेकांजवळ येऊन उभी होती,
न आलेल्या पाहुण्याची वाट बघावी तशी.

एकोणिसाव्या दिवशी चुकलो. लपवत नाही.
चहाच्या गाड्यावर कुणीतरी पुढं केली, मी ओढली.
काही नाही.
ओला कागद जळावा तेवढंच.
जागेवर कुणीतरी बसलेलं होतं,
विडी दारातच उभी राहिली, लोंबकळत.
अर्धी टाकली.
गाडेवाला म्हणाला, आणखी एक?
मी म्हटलं, साकु.
माझ्या तोंडून कन्नड निघतं ते असं,
पुरे म्हणायचं असलं की.

आता वास येतात.
वखारीचा येतो, नको तेवढा.
डिझेलचा, ओल्या गोणपाटाचा,
चुलत्याच्या हिरव्या मिरचीच्या मळ्याचा, रस्त्यापर्यंत.
आणि काल सकाळी मोरीपाशी
अक्काताईच्या तोंडाचा आला.
जळकट, ओळखीचा.
लग्न झाल्यापासून ती मिश्री लावते,
दिवसात चारदा, हिरडीवर बोट फिरवत.
माझ्या विड्यांवरून भांडताना
तिच्या कमरेला ती डबी होती.
मी कधी मोजलीच नाही.

ती चूळ भरून थांबली. पदरानं तोंड पुसलं.
पट्टी हातात घेतली, उलटी, सुलटी केली.
राहिलेल्या गोळ्या बोटानं दाबून बघितल्या.
बायकांना देतात काय ही?

मला माहीत नव्हतं.
तिचं बोट कसं सुटेल,
त्याला दुसरंच काही लागेल का,
ते डॉक्टर सांगतील.
मंगळवारी वखारीत खाडा टाकलाय.
बसला गर्दी असते त्या दिवशी, बाजाराची.
रुमाल मोठा घ्यावा लागेल.